पाडव्याला फुटलेली काच

दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या फ्लॅटमधलं काचेचं जेवणाचं टेबल माझ्या सुनेमुळे फुटलं, असं आमच्या नात्यात सगळे धरून चालतात. ते खरं नाही. एवढंच लिहून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातलं मला नक्की किती माहीत आहे हे आता माझं मलाच सांगता येत नाही. महिनाभरापूर्वी कुणी विचारलं असतं तर मी सगळं क्रमाने सांगितलं असतं. आता तो क्रम मोडला आहे.

मी आयुष्यभर काच तोडण्याची नोकरी केली. एका सरकारी प्रयोगशाळेत काचेची ताकद मोजण्याचं काम होतं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना शेजारणी माझ्या बायकोला विचारत, साहब दफ्तर में क्या करते हैं, आणि ती शांतपणे सांगे, "काँच तोड़ते हैं." शेजारणींना ती थट्टा करते आहे असं वाटे. ती खरंच सांगत असे.

आम्ही एकाच भट्टीतल्या काचेच्या कांड्या घ्यायचो. काही तशाच ठेवायचो, त्यांना मधल्या भागात कुणी बोटही लावायचं नाही. काहींवर बारीक पॉलिश पेपर फिरवायचो, इतका हलका की नुसत्या डोळ्यांना काही दिसू नये. मग दोन्ही प्रकारच्या कांड्या यंत्रात वाकवून मोडायच्या. घासलेली कांडी फार लवकर मोडायची. न घासलेली इतकं सोसायची की नवख्या माणसाला यंत्र बिघडलं आहे असं वाटे. आणि घासलेली कांडी ॲसिडात बुडवून तिचा वरचा पातळ थर विरघळवला, की तिची बरीचशी ताकद परत येई. काच तीच. बदलायची ती तिची त्वचा. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षात मी हे शिकलो आणि उरलेली सगळी वर्षं तेच वेगवेगळ्या तऱ्हेने मोजत राहिलो.

दुसरी एक गोष्ट शिकलो, तिचा मला पुढे त्रास झाला. ओरखडा पडतो तेव्हा काच फुटत नाही. ओरखडा नुसता राहतो. ओल लागली, ताण आला, की त्याच्या टोकाशी भेग थोडी थोडी पुढे सरकते. मग एक दिवस काहीतरी साधंच होतं, कुणी खुर्ची सरकवतं, कुणी कोपर टेकतं, आणि काच जाते. त्या वेळी जो जवळ असतो तो दोषी ठरतो.

ते टेबल सुनेच्या माहेरहून आलं होतं. ती पानिपतची. तिच्या वडिलांचं चादरी-पडद्यांचं दुकान आहे. लग्नानंतर त्यांनी टेम्पोतून ते टेबल पाठवलं: जाड काच, खाली दोन रुंद लाकडी पाय. पाय टोकाला नव्हते, आत सरकवलेले होते, त्यामुळे दोन्ही बाजूंना काच हातभर बाहेर यायची. माझ्या बायकोला टेबल आवडलं. काच टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, नाही, साधीच आहे, हे मी कडेवर नजर टाकून ओळखलं होतं. पण भेट आलेल्या वस्तूबद्दल असलं काही बोलू नये म्हणून बोललो नाही.

सणाच्या दिवशी ताटाभोवती रांगोळीची महिरप काढायची ही माझ्या बायकोची पद्धत. तिच्या आईची होती, म्हणून तिची. लक्ष्मीबाई नगरला आम्ही पाटावर बसत असू तेव्हा ती फरशीवर काढायची. द्वारकेला टेबल आल्यावर महिरप टेबलावर चढली. काचेवर ती फार सुंदर दिसायची हे खरं आहे. खालून उजेड यायचा आणि पांढऱ्या रेघा हवेत काढल्यासारख्या वाटायच्या. सुनेने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने मोबाइलवर फोटो काढून माहेरी पाठवले होते.

बायकोने तेव्हा मला विचारलं होतं, "अहो, रांगोळीने काचेला काही होणार नाही ना?"

मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "छे. शिरगोळा काचेपेक्षा मऊ असतो. कितीही घास."

हे उत्तर बरोबर होतं. आमच्याकडची रांगोळी त्या मऊ पांढऱ्या दगडाची असते आणि तिने काचेवर चरा पडत नाही. ती पुण्याहून कुणी येणार असलं की पिशवीतून मागवली जायची. पण पिशवी कायम पुरत नाही. दिवाळीच्या आसपास बायको खालच्या मार्केटमधून रांगोळी आणायला लागली. तिथे फुटपाथवर ढीग लावून विकतात, रंगीत आणि पांढरी. त्यात बारीक रेती असते. रेती काचेपेक्षा कठीण. मी ती चिमटीत धरून पाहिली असती तर मला एका क्षणात कळलं असतं. मी पाहिली नाही. मला प्रश्न एकदाच विचारला गेला होता, मी उत्तर दिलं होतं, आणि माझ्या दृष्टीने तो विषय संपला होता.

जेवणं झाली की बायको ओल्या फडक्याने महिरपी पुसायची. चारी बाजूंची रांगोळी मध्ये ओढून आणायची आणि मग ताटलीत भरायची. म्हणजे सगळी रेती, ओल्या फडक्याखाली दाबलेली, पायांच्या वरच्या जागेवरून फिरायची. दर सणाला.

त्या पाडव्याला घरी बायकोची मोठी बहीण आणि तिचे यजमान आले होते. ते लष्करातून निवृत्त होऊन दिल्लीतच राहिलेले. पुरणपोळीचा बेत होता. बहीण, तिचे यजमान, माझा मुलगा आणि मी जेवायला बसलो होतो, बायको आणि सून वाढत होत्या. मी टोकाला, खिडकीकडे पाठ करून. गुडघ्यांमुळे मला उठताना पुढे हात रोवावे लागतात, म्हणून ती मोकळी बाजू माझी ठरलेली होती.

मला आठवतं ते असं. सून कटाच्या आमटीचं पातेलं घेऊन आली. तिने ते टेबलावर ठेवलं. आणि आवाज झाला. काही पडल्याचा नव्हे, जाड कापड एका झटक्यात फाडावं तसा. माझ्या बाजूचा काचेचा तुकडा खाली गेला, त्याच्याबरोबर माझं ताट, वाट्या, तांब्या. मग उरलेली काच दुभंगली. कुणाला मोठं लागलं नाही. बायकोच्या पायाला एक कपची लागून थोडं रक्त आलं.

सगळ्यांनी खुर्च्या मागे ओढल्या. मग बायकोची बहीण म्हणाली, "गरम पातेलं तसंच ठेवलंन का काचेवर?"

बायको पाय धरून बसली होती. म्हणाली, "मी तिला शंभरदा सांगितलंय, खाली काहीतरी घाल म्हणून."

बहीण म्हणाली, "घ्या. झालं पानिपत."

सगळे हसले. मुलगाही हसला. हसण्याने वातावरण सैल झालं असं मलाही त्या वेळी वाटलं. सुनेला एव्हाना मराठी चांगलं कळत होतं. ती फरशीवर गुडघे टेकून पुरणपोळ्यांतून काचा वेचत होती. तिने मान वर केली नाही.

मग बहिणीचे यजमान मला म्हणाले, "तुम्ही काचेतले. तुम्ही सांगा, पातेल्यानेच ना?"

मी वाकून एक तुकडा उचलला. सवयच ती. फुटलेली काच कुठून फुटायला लागली हे तिच्या कडेवर लिहिलेलं असतं. जिथून सुरुवात होते तिथे लहानसा गुळगुळीत डाग असतो, आरशासारखा. त्याच्याभोवती धूसर कडं, आणि तिथून पुढे पिसासारख्या रेघा पसरत जातात. रेघांच्या उलट दिशेने मागे गेलं की आरसा सापडतो. गरम भांड्याने काच तडकते तेव्हा सुरुवात बहुतेक बाहेरच्या काठावर होते, कारण मधला भाग फुगू पाहतो आणि थंड काठ ताणला जातो. या तुकड्यावरचा आरसा काठावर नव्हता. तो आतल्या बाजूला, वरच्या पृष्ठभागावर, लाकडी पाय जिथे संपत होता बरोबर त्याच्या वर होता. वाळलेली भाकरी हातावर टेकवून तिचं बाहेरचं टोक खाली दाबलं, तर भेग वरून पडते, हाताच्या वर. तसंच. आणि त्या जागेभोवती खिडकीच्या उजेडात बारीक चऱ्यांचं धुकं दिसत होतं.

म्हणजे पातेलं नव्हे. चरे, आणि टोकाला पडलेला भार. हे मला तिथेच कळलं होतं. हातात तुकडा असताना.

मी म्हणालो, "उष्णतेने असं होतं."

वाक्य खरं होतं. ते फक्त त्या काचेबद्दल नव्हतं.

असं का म्हणालो? इतकी वर्षं माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. बायकोची तब्येत तेव्हा घसरायला लागली होती. ती लहानसहान गोष्टी विसरायची आणि विसरल्याचं लक्षात आलं की घाबरायची. महिरप मात्र तिचा हात विसरत नव्हता. चऱ्यांचं सांगितलं असतं तर ते तिच्या रांगोळीवर गेलं असतं, आणि तिने तिच्या बहिणीसमोर माझ्याकडे पाहून म्हटलं असतं, अहो, तुम्हीच तर म्हणाला होता. तेव्हा मी बायकोला वाचवलं, आणि बायकोमागे थोडा लपलोही, असं मी स्वतःला सांगत आलो. सुनेचं काय, ती तरुण आहे, विसरून जाईल.

ती काही बोलली नाही. पण त्यानंतर सणाच्या दिवशी तिने आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. पुढे दोघांनी गुडगावला घर घेतलं, नोकरी तिकडे आहे म्हणून. नोकरी खरंच तिकडे होती. येताना ती मिठाईचा डबा आणायची आणि पाहुण्यासारखी सोफ्यावर बसायची. आम्ही सनमायकाचं टेबल घेतलं होतं. तिला जेवायला बोलावलं की म्हणायची, "बाबा, मी इथेच घेते ना प्लेट, आरामात."

बायको जाण्यापूर्वी काही दिवस अंथरुणावर होती. एका दुपारी घरावरून विमान गेल्याचा आवाज विरल्यावर तिने मध्येच विचारलं, "खरंच तिच्यामुळे फुटली का हो काच?" मी म्हणालो, "आता ते कशाला." तिला उत्तर हवं होतं. मला ते सांगता आलं असतं, बहीणही नव्हती, कुणीच नव्हतं. का नाही सांगितलं, हे मला अजून समजत नाही. तेव्हा वाचवायचं कुणाला होतं?

आता मुलगा म्हणतो, इकडचा फ्लॅट विकून टाकू, तुम्ही आमच्याकडे चला. मी हो म्हटलं. सामान आवरायला सून मागच्या महिन्यात आली. ती एकटीच आली होती, मुलगा टूरवर होता. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की तिच्या घरात राहायला जायचं तर हे सांगून जायचं. काचेचा तो तुकडा मी जुन्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला होता. बायकोचा रांगोळीचा डबाही काढून ठेवला. पुराव्यासाठी. माणूस निवृत्त झाला तरी पुरावा लागतो.

तिच्या येण्याआधी मी डब्यातली रांगोळी चिमटीत घेऊन पाहिली. मऊ होती. पिठासारखी. मी चमच्याने खालून काढली, तर ती खरखरीत. वर पुण्याची आणि खाली मार्केटची, का दोन्ही कधीतरी एकत्र ओतलेल्या? त्या पाडव्याला बायकोने कुठली वापरली होती? ज्या गोष्टीची मी इतकी वर्षं खात्री धरून बसलो होतो तिची मला पहिल्यांदाच शंका आली. चरे होते, ते मी पाहिले होते. पण ताटंही त्या काचेवरून सरकतच होती, आणि ताटाच्या बुडाखाली कुठलाही कण असू शकतो.

तरी मी तिला बसवलं आणि सांगितलं. तुकडा खिडकीपाशी धरून आरसा दाखवला, चरे दाखवले, भाकरीचं उदाहरण दिलं. प्रयोगशाळेत नव्या मुलांना समजावून सांगायचो तसं सांगत गेलो. शेवटी म्हणालो, की पातेलं ठेवल्यामुळे काच फुटली नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी सांगितलं नाही.

ती तुकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, पर पातेलं मी ठेवलंच नव्हतं."

मला वाटलं तिला शब्द सापडला नसेल. म्हटलं, "म्हणजे?"

"माझ्या हातात होतं. दोन्ही हातात, कपड्याने धरलेलं. काच गेली तेव्हा पण हातातच होतं. नंतर मी किचनमध्ये परत नेऊन ठेवलं."

मी म्हणालो, की आमटी काचांवर सांडलेली मला स्पष्ट आठवते. तांबूस, भेगांमध्ये भरलेली.

"ती वाट्यांमधली. आईंनी आधी एकदा वाढली होती ना."

मी डोळे मिटून पाहिलं. पातेलं टेबलावर दिसतं. मग ती म्हणते तसं तिच्या हातात ठेवून पाहिलं, तर तिथेही दिसतं. दोन्ही चित्रं सारखीच स्वच्छ. तिचं खरं असेल तर त्या दिवशी पातेल्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिथे बसलेल्या चार शहाण्या माणसांपैकी एकानेही पातेलं कुठे आहे हे पाहिलं नव्हतं. मी काचेला सगळं विचारलं. तिला नाही.

"तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारलं.

मग ती हिंदीत बोलली. जे खरं बोलायचं असतं ते ती हिंदीतच बोलते. "मुझे लगा आपको पता है. आप उठ रहे थे ना बाबा. बर्तन भारी था, मेरे हाथ से लेने के लिए उठे थे. टेबल पे हाथ रख के. तभी टूटा. मैंने सोचा सबके सामने आप कैसे कहेंगे कि मुझसे टूटा. इसलिए मैं चुप रही."

मला हे आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी बसलेलोच आठवतो. पण मी कुठे बसायचो, उठताना हात कुठे रोवायचो, हे वर मीच लिहिलं आहे. काच म्हणते की त्या टोकावर भार आला होता. मी तो तुकडा कितीतरी वेळा हातात घेऊन बसलो आणि भार कुणाचा, हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नाही.

म्हणजे मी बायकोला वाचवत होतो असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी माझी सून मला वाचवत होती, आणि मी स्वतःला वाचवण्यासाठी तिला पुढे केलं असं समजून ती इतकी वर्षं सोफ्यावर प्लेट घेऊन बसत होती. मी घाईने सांगू लागलो, की तसं नव्हतं, मी बायकोसाठी, रांगोळीसाठी. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे मलाच पटत नाही आहे. त्या क्षणी माझे हात काचेवर होते आणि हातांना ते ठाऊक होतं, असं असू शकेल का? डोक्याला कळू न देता? मला माहीत नाही. तिलाही मी तेच म्हणालो, मला माहीत नाही.

ती म्हणाली, "ठीक आहे बाबा. टेबलच होतं."

ते टेबल तिच्या वडिलांनी पाठवलेलं होतं.

मी म्हटलं, मला काय करता येईल ते सांग. ती नको नको म्हणत राहिली. मग बायकोच्या बहिणीचं, म्हणजे मावशीचं नाव निघालं. सुनेच्या प्रत्येक वाढदिवसाला मावशी फोन करते आणि कधीतरी पानिपतचा तो विनोद हमखास करते. सून म्हणाली, "मावशींना सांगाल? माझ्यासमोर."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मावशीला आधी आठवेचना. "कुठलं टेबल?" मग आठवलं. "हां, ते पाडव्याचं. पानिपत झालं होतं ना." आणि ती हसली. वय झालं आहे तिचं, हसताना तिला खोकला येतो. मी खोकला थांबेपर्यंत थांबलो.

मग म्हणालो, "ते हिच्यामुळे फुटलं नव्हतं. मी तेव्हा चुकीचं सांगितलं."

"मग कुणामुळे?"

समोर सून उभी होती. तिच्या हातात रांगोळीचा डबा होता, झाकण उघडं. मला म्हणता आलं असतं, माझ्यामुळे. ते बहुधा खरं आहे. पण बहुधा खरं असलेलं वाक्य मी त्या टेबलापाशी एकदा बोललो होतो.

"काचेवर आधीपासून चरे पडलेले होते," मी म्हणालो. "रांगोळीने असेल, ताटांनी असेल. आणि बहुतेक माझा भार पडला. बहुतेक म्हणतो, कारण मला आठवत नाही. पातेलं टेबलावर नव्हतं. हिच्यामुळे नाही, एवढं मात्र नक्की."

मग मावशी म्हणाली, "बरं. मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, "तेच आता लिहून काढणार आहे, ताई."

फोन ठेवल्यावर सुनेने डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, हा गुडगावला न्यायच्या सामानात ठेवू का. मी म्हटलं, त्यातली खालची खरखरीत आहे, वरची मऊ, आता वेगळी करता येणार नाही. ती म्हणाली, तिच्याकडचं टेबल लाकडाचं आहे, चालेल. तुकड्याबद्दल तिने काही विचारलं नाही. मी तो पुन्हा रुमालात गुंडाळला आणि मग कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून बसलो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, वरण गरम केलं आहे, टेबलावर लावते, या. मी उठलो. उठताना सवयीने हात पुढे गेले, मागे घेतले, आणि मग भिंतीला धरून उभा राहिलो.